आपली रेघ



एका श्रोत्या ताईंनी केंद्रावर प्रश्न पाठवला आहे. त्या लिहितात, "मुलं मोठी झाली, दुपारचा तासभर मोकळा मिळायला लागला, म्हणून चित्रांची वही घेतली. सहा महिने झाले. चित्रं बरी येतात, पण सगळी कुणाची तरी बघून काढल्यासारखी वाटतात. माझं म्हणावं असं त्यात काहीच नाही. मग कशाला काढायचं?" शेवटचं वाक्य वाचून जरा काळजी वाटली, म्हणून आज त्याच्यावरच बोलते.

आधी आपल्या दारातली रांगोळी बघा. अकरा ते सहा ठिपके, पुस्तकातली आकृती तीच. तरी गल्लीतून जाताना आपण ओळखतोच, ही कोपऱ्यावरच्या काकूंची. एकीची रेघ केसासारखी बारीक, दुसरीची जाड आणि वळणावर किंचित थबकलेली, तिसरी मध्ये भरपूर जागा मोकळी सोडते. यातली कुणीही "आज माझी शैली शोधते" म्हणून दारात बसली नव्हती. रोज सकाळी, घाईघाईत, वर्षानुवर्षं ती रेघ ओढत आली. अक्षराचंही तसंच ना? शाळेत सगळ्यांनी एकच कित्ता गिरवला, पण बहिणीचं पत्र पाकिटावरूनच ओळखू येतं.

आता बिहारमधल्या मिथिलेच्या गंगादेवींची गोष्ट सांगते. तिथे लग्नघरात कोहबर नावाची खोली असते. तिच्या भिंतीवर बायका कमळ, बांबू, मासे काढतात. काय काढायचं हे पिढ्यांपिढ्या ठरलेलं. 1966-67 च्या सुमाराला तिकडे दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिथे पाठवलं. त्यांनी बायकांना कागद दिले आणि भिंतीवरचंच कागदावर काढा म्हणून सांगितलं. मंडळी तीच, देवदेवता त्याच. पण सीतादेवींच्या चित्रात रंग भरगच्च भरलेले आणि गंगादेवींच्या चित्रात रेघांवर रेघा, इतक्या बारीक की सुईने शिवल्यासारख्या. दोन्ही रीती मिथिलेत आधीपासूनच होत्या. गंगादेवींनी रेघेची रीत घेतली आणि ती सोडली नाही. पुढे त्या अमेरिकेला जाऊन आल्या, तर तिथल्या जत्रेतला वरखाली पळणारा रोलर कोस्टर त्यांनी त्याच रेघेत काढला. कर्करोग झाला, दिल्लीत उपचार चालू होते, तेव्हा दवाखाना आणि आजारपणसुद्धा त्याच रेघेत कागदावर आणलं. 1984 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 1991 साली त्या गेल्या. मला त्यांच्यातलं हे फार मोलाचं वाटतं, की रेघ जुनी, सगळ्यांची, पण बघणारे डोळे त्यांचे स्वतःचे.

तेव्हा ताई, बघून काढण्यात कमीपणा काही नाही. फक्त एकाच चित्राची हुबेहूब नक्कल करून थांबू नका. एकच गोष्ट चारजणींनी कशी काढली ते बघा. वारली चित्रातलं झाड, मिथिलेतलं झाड, शाळेच्या पुस्तकातलं झाड. मग पुस्तक मिटा, मोबाईल बाजूला ठेवा आणि परसातलं शेवग्याचं झाड बघून काढा. तिघांकडून थोडं थोडं घेतलेलं असेल, पण ते एकत्र करणारा हात तुमचा असेल.

आणखी एक करा. महिनाभर एकच विषय धरा. भाजीची पाटी, न्हाणीघरातली बादली, शेळी, काहीही, पण रोज समोर दिसणारं. साधनही एकच, साधी पेन्सिल किंवा काळं बॉलपेन. पंधरा मिनिटं पुरतात. कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाकायची आणि खोडायचं नाही. महिन्याने सगळे कागद जमिनीवर पसरा. काही गोष्टी न ठरवता पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. शेळीचे कान दरवेळी मोठे, रेघा डावीकडे कललेल्या, नाहीतर चित्र कागदाच्या खालच्या अर्ध्यातच. त्यातलं काही हात कच्चा आहे म्हणून असेल, ते सरावाने जातं. पण जे जाता जात नाही आणि तुम्हाला आवडतंही, ते जपा. आपल्यातल्या बऱ्याचजणींनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा दिल्यात, त्यामुळे रेघ जरा वाकडी गेली की हात आपसूक खोडरबराकडे जातो. परीक्षेत ते ठीक होतं. इथे मार्क द्यायला कोणी बसलेलं नाही.

थोडं स्टेटसबद्दल. एखाद्या चित्राला खूप अंगठे आले, कुणी चार तोरणांवर तसंच काढून मागितलं, की तेच काढत बसायचा मोह होतो. पैसे मिळत असतील तर जरूर काढा, घराला हातभार लागतो आणि हातही बसतो. पण वहीची निदान दोन पानं आठवड्याला अशी असू द्या, जी कुणी मागितलेली नाहीत. नवीन काही घडलं तर त्या पानांवरच घडेल.

वही महागडी घेऊ नका, नाहीतर पान वाया जाईल या धाकाने हात आखडतो. मुलांच्या जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद दोऱ्याने शिवले तरी चालतील. ताई, तीस कागद झाले की केंद्रावर घेऊन या, आपण सतरंजीवर पसरून बघू.