पिस्ता आणि आपला भुईमूग



रुग्णाला ताकद यावी म्हणून ऐपत नसतानाही उसनवारी करून पिस्ते आणणारे नातेवाईक आम्ही पाहतो. त्यांच्या मायेचा आम्हांस आदर आहे. परंतु त्यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पिस्त्याच्या झाडाला कडक हिवाळा आणि कोरडा, तप्त उन्हाळा लागतो. म्हणून ते इराण, तुर्कस्तान, कॅलिफोर्निया येथे फळते; आपल्याकडच्या उबदार हिवाळ्यात नाही. नर व मादी झाडे वेगवेगळी, परागीभवन वाऱ्यावर अवलंबून आणि पहिल्या फळासाठी पाच-सात वर्षांची प्रतीक्षा.

सातारा-सांगलीच्या शिवारातील भुईमूग मात्र सुमारे चार महिन्यांत हाती येतो. फुलानंतर आरी जमिनीत शिरते आणि शेंग मातीतच भरते. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात, तेवढ्याच पिस्त्यांत सुमारे 20. उष्मांक जवळपास सारखेच. पिस्त्यांत पोटॅशियम व ब-6 जीवनसत्त्व अधिक, हे खरे. पण बरे होण्यासाठी पिस्ता अनिवार्य नाही.

मूठभर भाजलेले दाणे पुरेत. लहान मुलांना अख्खे दाणे न देता कूट द्यावे. बुरशी लागलेले दाणे टाकून द्यावेत; त्यांतील विष यकृतास घातक असते. मूत्रपिंडाचा विकार वा दाण्यांची ॲलर्जी असल्यास प्रथम डॉक्टरांना विचारावे.

घरचा दाण्याचा लाडू निःसंकोच आणा. वाचलेला पैसा औषधाच्या कामी येईल.