कोनाड्यातला कप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून घरातलीच एक गोष्ट सांगते. चुकले तर पदरात घ्या.

माझी धाकटी मुलगी गेल्या वर्षी पुण्यात एका रेडिओ केंद्रावर तीन महिने उमेदवारी करीत होती. सकाळी डबा घेऊन शिवऱ्याच्या फाट्यावरून जायची, ती दिवेलागणीला परतायची. तिथे 'पॉडकास्ट' तयार करतात. म्हणजे रेडिओसारखाच कार्यक्रम. फक्त मोबाईलवर आपल्या सवडीने ऐकायचा. विषय होता, सिनेमा, गाणी आणि जाहिराती यांतून जात आणि रंग कसे दिसतात. मला वाटले, यात शिकण्यासारखे काय असणार?

पण ती एकेक सांगू लागली. 'फेअर अँड लव्हली' आपल्याकडे १९७५ पासून. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. जगभर लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी कंपनीने नावातला 'गोरा' हा शब्द काढला. पण आपल्याकडे मुलगी बघायला येणारे अजून आधी रंगच विचारतात! आणि आपल्या जोतीबांनी तर १८७३ सालीच 'गुलामगिरी' लिहून, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना ते पुस्तक अर्पण केले होते.

२०१६ साली 'सैराट' आला. 'झिंगाट'वर आपण वरातीत नाचलो. मुलगी म्हणाली, "आई, गाणे सगळ्यांना पाठ आहे, पण आर्ची-परश्याला तिच्याच माणसांनी का मारले, ते कुणी बोलत नाही."

एके दिवशी तिने माझ्यापुढे यंत्र धरून विचारले, "आपल्या घरात जात पाळतात का?"

मी ठसक्यात म्हटले, "छे! आमच्यात तसले काही नाही."

"मग गोठ्याच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप कुणाचा?"

मी गप्प. तो कप शेतावर कामाला येणाऱ्या मावशींचा. सासूबाईंच्या वेळेपासून तिथेच. वीस वर्षे मी त्यात वरून चहा ओतीत आले. त्या स्वतःच विसळून पालथा घालीत.

मुलीने ते मला ऐकवले. माझे ते 'छे', आणि त्यानंतरची शांतता. म्हणाली, "नको असेल तर पुसून टाकते." रात्री झोप लागली नाही. सकाळी म्हटले, "राहू दे. नाव मात्र घालू नकोस." आज तुमच्यापुढे मी ते माझ्या नावानिशी सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी मावशींना स्वयंपाकघरात बोलावले. आमच्याच कपात चहा दिला. त्या उंबऱ्याशी थांबल्या. म्हणाल्या, "माझा कप?" मी म्हटले, "हाच." चहा पिऊन झाल्यावर त्या एवढेच बोलल्या, "लई उशीर केलास, बाई."

बहिणींनो, त्या शब्दांना माझ्यापाशी उत्तर नाही. पण आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाच्या यादीत पलीकडच्या वस्तीतल्या किती जणी आहेत, ते घरी गेल्यावर मोजा. या संक्रांतीला बोलावणे घेऊन मी स्वतः दारोदार जाणार आहे. माझ्याबरोबर कोण येणार, तेवढे आज सांगा.