रब्बींचा प्रश्न



 साहित्याच्या या व्यासपीठावरून अध्यक्षाने भाषेच्या एकूण स्थितीगतीवर बोलावे असा प्रघात आहे. मी मात्र आज एका पुस्तकाविषयी बोलणार आहे. ते वाचल्यापासून आपल्या साहित्यातली एक उणीव मला सारखी खुपते आहे.

जोसेफ रॅट्झिंगर यांच्या ‘नाझरेथचा येशू’ या ग्रंथाचा पहिला खंड २००७ साली निघाला. लेखक त्या वेळी पोप सोळावे बेनेडिक्ट होते. तरीही प्रस्तावनेतच ते सांगून टाकतात, की हे लेखन मी पोपच्या अधिकाराने केलेले नाही, हा माझा स्वतःचा शोध आहे आणि माझे म्हणणे खोडून काढायला कोणीही मोकळा आहे. वाचकाने आरंभी थोडी सद्भावना ठेवावी, एवढेच त्यांचे मागणे. ज्याच्या शब्दाला कोट्यवधी लोक मान देतात, त्याने आपल्या पुस्तकापुरता तो अधिकार बाजूला ठेवावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

येशूचे यार्देन नदीतील बाप्तिस्म्यापासून रूपांतरापर्यंतचे जीवन या खंडात आले आहे. देवाचे राज्य, प्रभूची प्रार्थना, दाखले या सगळ्यांवरची प्रकरणे वाचनीय आहेतच. पण माझे मन रेंगाळते ते डोंगरावरील प्रवचनाच्या प्रकरणात. तिथे पोप एका यहुदी रब्बीला बोलू देतात, आणि तेही पानेच्या पाने.

हे रब्बी म्हणजे अमेरिकेतले विद्वान जेकब न्यूस्नर. १९९३ साली त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यात ते कल्पनेने गालीलातल्या त्या गर्दीत जाऊन उभे राहतात, येशूचे प्रवचन ऐकतात, त्याच्या मागोमाग चालतात, त्याला प्रश्न विचारतात. संध्याकाळी ते गावातल्या रब्बीकडे जातात. रब्बी त्यांना तालमूदमधला उतारा ऐकवतात : मोशेला ६१३ आज्ञा मिळाल्या, दाविदाने त्या ११ वर आणल्या, यशयाने ६ वर, मीखाने ३ वर, आणि हबक्कूकने एकच ठेवली, की नीतिमान मनुष्य विश्वासाने जगेल. मग रब्बी विचारतात, तुमच्या या गुरूने यातले काय गाळले? काहीच नाही, असे न्यूस्नर सांगतात. मग भर कशाची घातली? स्वतःची. आणि इथेच न्यूस्नर हात जोडून, अत्यंत आदराने, येशूचा निरोप घेतात. ते त्याच्या मागे जात नाहीत.

एखाद्या धर्मगुरूने हा नकार दोन ओळींत निकालात काढला असता. रॅट्झिंगर म्हणतात, या माणसाने नेमके मर्म ओळखले. येशू म्हणजे कर्मठ शास्त्री-परुश्यांना चार उदार गोष्टी सांगणारा एक सुधारक, असे चित्र गेल्या दोन शतकांत अनेकांनी रंगवले. न्यूस्नर यांच्यापुढे ते टिकत नाही. शिष्य शब्बाथ दिवशी शेतातून जाताना कणसे मोडून खातात, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो आणि नियमापेक्षा माणूस मोठा एवढा बोध घेऊन पुढे जातो. न्यूस्नर तिथे थांबवतात. त्यांच्या दृष्टीने शब्बाथ हा नुसता सुट्टीचा दिवस नव्हे. त्या दिवशी सारे घर एकत्र येते, त्यावर कुटुंब उभे असते, आणि कुटुंबांवर इस्राएल उभा असतो. म्हणून जो शब्बाथाचा धनी असल्याचे सांगतो आणि आईबापांपेक्षाही माझ्यावर अधिक प्रीती करा म्हणतो, तो देवाच्या जागी उभा राहून बोलतो आहे, हे त्यांना दिसते. ख्रिस्ताचे देवपण इतक्या स्वच्छपणे एका नाकारणाऱ्याने दाखवून द्यावे, हे वाचताना मी स्तब्ध झालो.

रॅट्झिंगर यांचे उत्तर असे, की येशू घर मोडत नाही, तो नवे आणि मोठे घर बांधतो, ज्यात सर्व राष्ट्रे इस्राएलच्या देवाला ओळखतील. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. तरी माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे. मोडणाऱ्या लहान घराचे काय, हा रब्बींचा प्रश्न शिल्लकच राहतो.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १८९५ साली कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उधळला. नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने, लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्यांनी जे दिवस काढले, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहेत. पुढे संसार पुन्हा जुळला, १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनीच पूर्ण केले. आईबापांपेक्षा माझ्यावर अधिक प्रीती करा, या येशूच्या वचनाची किंमत एका मराठी घराने कशी मोजली, हे त्यांच्याइतके कोणी सांगितलेले नाही. ‘स्मृतिचित्रे’ आपण उत्तम आत्मचरित्र म्हणून वाचतो. मी ती ईशज्ञानाचा ग्रंथ म्हणूनही वाचतो.

आता उणिवेविषयी. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांनी गोव्यात दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ दिले. म्हणजे येशूचे चरित्र गाण्यात मराठी मागे नाही. वादही आपण घातले आहेत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात रंगलेल्या वादांचे पुस्तक मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी इंग्रजीत काढले. पण ते वाद जिंकण्यासाठी होते. समोरच्याचा नकार पूर्ण ऐकून घ्यावा, त्या नकाराच्या कसोटीवर आपली श्रद्धा तपासावी आणि मग लिहावे, असे येशूचरित्राचे सविस्तर चिंतन मराठीत फार थोडे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून केवढी वाट मोकळी केली! पण पुण्याच्या ज्ञानदीपमध्ये आणि गोरेगावच्या सेंट पायस महाविद्यालयात ईशज्ञान शिकवले जाते, ते मुख्यतः इंग्रजीतून. तिथले प्राध्यापक विद्वान आहेत, त्यांतल्या कित्येकांची मायबोली मराठी आहे. त्यांचे चिंतन आपल्या वाचकांपर्यंत पोहोचत नाही, हे मला साहवत नाही.

म्हणून दोन विनंत्या करतो. ईशज्ञानाच्या अध्यापकांनो, आपला एक तरी ग्रंथ थेट मराठीत लिहा, आणि त्यात न्यूस्नरांसारख्या न पटलेल्या माणसाला पुरेशी पाने द्या. आणि प्रकाशक मित्रांनो, ‘नाझरेथचा येशू’ आणि न्यूस्नर यांचे पुस्तक, दोन्ही चांगल्या मराठीत आणि एकाच वेळी काढा. एकाशिवाय दुसरे वाचू नये, असे माझे मत आहे.