रानांतील पाणपोया

चैत्र लागला कीं गांवोगांवच्या रस्त्यांवर पाणपोया उभ्या राहतात. चार वासे, वर झांपांचें छप्पर, खालीं वाळूंत बसविलेले दोन रांजण, आणि ओगराळें हातीं घेऊन बसलेली एखादी म्हातारी. पाणपोई घालणार्‍यास पुण्य लागतें अशी समजूत फार जुनी आहे. परंतु रांजण आणून बसविण्याचें पुण्य एका दिवसाचें. तो रांजण पावसाळा लागेपर्यंत रोज भरण्याचें काम मात्र दोन-अडीच महिन्यांचें, आणि त्याचें नांव पाटीवर कोणी लिहीत नाहीं. माणसांच्या पाणपोईची ही कथा, तर जेथें रस्ता नाहीं, विहीर नाहीं आणि पिणार्‍यास मागतां येत नाहीं, अशा रानांतील पाणपोईचा भार कोणीं वाहावा?

विदर्भांतील अरण्यांत वनखातें उन्हाळ्यांत सिमेंटच्या पाणवठ्यांत टँकरनें पाणी सोडतें. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं सूर्यशक्तीवर चालणारे पंपही बसविण्यांत आले आहेत. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारीं जनावरें मोजण्याची चाल तर महाराष्ट्रांत सुपरिचित आहे. परंतु या प्रश्नाचा पैशाअडक्यासह हिशेब मांडून तो थेट न्यायालयापर्यंत ज्यांनीं नेला, ते लोक राहतात अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपर्‍यांत; अ‍ॅरिझोना, नेव्हाडा आणि कॅलिफोर्निया या राज्यांच्या वाळवंटी मुलखांत. तेथील बरीचशी जमीन सार्वजनिक मालकीची आहे. नेव्हाडांत तर शेंकडा सुमारें ८० जमीन मध्यवर्ती सरकारची आहे.

अ‍ॅरिझोनांतील युमा शहरीं वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरांच्या आंत. आणि उघड्या पाण्याची वाफ होते ती मात्र वर्षाकांठीं दोन मीटरांहून अधिक. पडेल त्याच्या वीसपट उडून जाईल, असा तेथील सृष्टीचा जमाखर्च. तरीही त्या मुलखांत वळणदार जाड शिंगांचीं रानमेंढरें आहेत, खेचरासारख्या लांब कानांचीं हरणें आहेत, लावे आहेत, कासवें आहेत, वटवाघळें आहेत. तीं जगलीं कशावर? डोंगरांतील कातळांत लोंढ्याबरोबर गरगर फिरणार्‍या दगडगोट्यांनीं खोल खळगे कोरले जातात आणि त्यांत पावसाचें पाणी महिनेच्या महिने सांचून राहतें. स्पॅनिश भाषेंत अशा खळग्यास 'टिनाहा' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ मातीचा मोठा रांजण असा आहे. कुकडी नदीच्या पात्रांत निघोजजवळचे खळगे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस मराठींतील 'रांजणखळगे' हा शब्द येथें आठवल्यावांचून राहणार नाहीं. पृथ्वीच्या दोन टोकांच्या लोकांस एकच वस्तु पाहून एकच भांडें सुचावें, हा भाषेचा मोठा मौजेचा योग होय. युमाच्या आग्नेयेस 'टिनाहास आल्टास', म्हणजे उंचावरचे रांजण, आहेत. 'सैतानाची वाट' या नांवाच्या जुन्या मार्गावरील वाटसरू त्यांच्याच भरंवशावर पुढें जात.

पुढें कोलोरॅडो आणि हीला या नद्यांवर धरणें झालीं, त्यांचे कांठ शेतीखालीं गेले, आणि आगगाडीचे रूळ, कालवे, तारेचीं कुंपणें व हमरस्ते यांनीं डोंगर आणि नदी यांमधील जनावरांच्या वाटा तोडल्या. रांजण आटला तर नदीवर जावें, ही सोय त्यामुळें संपली. मनुष्यानें कृत्रिम पाणी पुरवावें, या म्हणण्याचा पाया एवढाच आहे. जें काढून घेतलें त्याची ही अंशतः भरपाई, असें तिचे पुरस्कर्ते म्हणतात.

या कामास शिस्तशीर रूप आलें तें १९४३ सालीं. कॅलिफोर्निया राज्याच्या वन्यप्राणिखात्यांतील बेन ग्लेडिंग यांनीं लाव्यांसाठीं एक पाणवठा योजिला. उतरत्या जमिनीवर डांबराचें किंवा सिमेंटचें अंगण करावयाचें, त्याच्या खालच्या अंगास जमिनींत पुरलेलें व वरून झांकलेलें टाकें बांधावयाचें, आणि टाक्याच्या तोंडापासून तळापर्यंत उतरती फरसबंद वाट ठेवावयाची. पाणी जसजसें उतरेल तसतसा लावा चार पावलें अधिक खालीं चालत जातो आणि पिऊन परत येतो. यंत्र नाहीं, तोटी नाहीं, राखणदार नाहीं. या योजनेस तिकडे 'गझलर' म्हणतात. हिशेबही सोपा आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. २०० चौरस मीटरांच्या अंगणावर १० मिलिमीटरांची एकच सर आली तरी २,००० लिटर पाणी टाक्यांत उतरावें. चौथींतल्या मुलासही हें त्रैराशिक सुटेल. मात्र सर नेमकी त्याच टेकडीवर यावी, एवढी एक गोष्ट त्रैराशिकांत बसत नाहीं.

आणि टाकें बांधलें म्हणजे काम संपलें, असेंही नाहीं. किंबहुना तेथूनच तें सुरू होतें. उन्हानें अंगणाचें डांबर तडकतें आणि भेगांतून पाणी जमिनींत जिरतें. एका वावटळीनें आणलेली रेती टाक्याचें तोंड बुजविते. शेवाळ चढतें, मधमाशा पाण्यावर मरून पडतात, तहानेलें हरिण घसरून आंत पडतें आणि सारें पाणी नासून जातें. कॅलिफोर्नियांतील कांहीं जुन्या टाक्यांत कासवांचे सांगाडे सांपडले आहेत. उतरण्यास वाट होती, पण कासवाच्या नखांना परत चढण्याइतका खडबडीतपणा तीस नव्हता. पाणपोई घालणाराच मारेकरी ठरावा, याहून लाजिरवाणें तें काय! पुढें टाक्यांच्या वाटा खरबरीत करण्यावर भर देण्यांत आला. शिवाय जनावरांस एकदां जागा संवयीची झाली कीं तीं तेथेंच येतात. आणि ऐन मृगाच्या आधीं तें टाकें कोरडें निघालें तर तें नसतें तरी बरें होतें, असें म्हणण्याची पाळी येते. म्हणून टाकीं तपासावीं लागतात, आणि आटलीं तर टँकरनें, अवघड डोंगरावर तर हेलिकॉप्टरनें, पाणी न्यावें लागतें. एकट्या अ‍ॅरिझोनांत असे सुमारें ३,००० पाणवठे आहेत.

यासाठीं पैसा कोण देतो, हें ऐकून अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. तो मुख्यतः शिकारी देतात. १९३७ सालीं नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधि विलिस रॉबर्टसन यांनीं मांडलेला कायदा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीनें अमलांत आला. बंदुका व काडतुसें यांवर कर पूर्वीपासूनच होता. या कायद्यानें त्याचें उत्पन्न वन्य प्राण्यांच्या पुनःस्थापनेसाठीं बांधून टाकलें. आज लांब नळीच्या बंदुका व दारूगोळा यांवर तो शेंकडा ११, तर पिस्तुलांवर शेंकडा १० आहे. राज्याचें क्षेत्रफळ आणि तेथील परवानेधारक शिकार्‍यांची संख्या यांवरून वांटणी होते. कामाच्या खर्चापैकीं शेंकडा ७५ पर्यंत रक्कम या निधींतून मिळते, बाकीची राज्यानें घालावयाची. शिवाय शिकारीच्या परवान्यांची फी राज्यानें दुसर्‍या कोणत्याही कामाकडे वळवितां कामा नये, अशी अट आहे. राज्यकर्त्यांची नजर कोठें जाते हें ओळखूनच ती घातलेली दिसते.

तरीही या शहाण्या कायद्यांत प्रारंभीं मोठी उणीव राहिली होती. पूर्ण झालेल्या कामाची निगा राखणें हें त्यानें राज्यांचें कर्तव्य ठरविलें होतें. निधि होता तो नव्या कामांपुरता. बांधण्यास पैसा, पण गाळ काढण्यास नाहीं! पुढें दुरुस्ती होऊन १ जुलै १९४५ पासून निगेचाही समावेश त्यांत झाला. जी गोष्ट गांवच्या प्रत्येक पाणक्यास ठाऊक असते, ती कायद्यास कळावयास आठ वर्षें लागलीं.

एवढ्यानेंही भागत नाहींच. रानमेंढरांसाठीं स्थापन झालेल्या मंडळ्यांचे सभासद सुटीच्या दिवशीं सिमेंटचीं पोतीं व नळ पाठीवर घेऊन डोंगर चढतात. रानमेंढ्याच्या शिकारीचा एखादा खास परवाना लिलांवांत काढतात आणि तो पैसा त्याच प्राण्याच्या कामीं लावतात. एका मेंढ्याच्या जिवावर इतरांचें पाणी, हा व्यवहार कोणास रुचेल, कोणास रुचणार नाहीं. पण तो उघड्यावर होतो एवढें खरें. २०१८ सालीं अवर्षण इतकें तीव्र झालें कीं अ‍ॅरिझोनाच्या वन्यप्राणिखात्यानें पाणी वाहून नेण्याच्या खर्चासाठीं सामान्य जनतेकडे वर्गणी मागितली, आणि ती फोनवरून संदेश पाठवून देण्याची सोय केली.

हा सारा खटाटोप आवश्यक आहे काय, अशी शंका घेणारेही विद्वान् आहेत. १९९५ सालीं बिल ब्रॉइल्स यांनीं, कृत्रिम पाण्यानें प्राण्यांची संख्या वाढते याचा पुरावा पुरेसा आहे काय, असा स्पष्ट प्रश्न केला. पाणवठ्यावर हिंस्र श्वापदें दबा धरून बसतील आणि रोग पसरेल, अशीही भीति होती. त्यानंतर पाणवठ्यांवर रात्रंदिवस चालणारे कॅमेरे लावण्यांत आले. तेव्हां ज्यांच्यासाठीं टाकीं बांधलीं त्यांखेरीज वटवाघळें, घुबडें, कोल्हे असे पुष्कळ बिनबोलावलेले पाहुणे तेथें पितांना दिसले, आणि शिकारीचे प्रसंग फार थोडे आढळले. परंतु पाणी पितात म्हणजे त्या पाण्यामुळेंच जगतात, हें सिद्ध होत नाहीं. तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

तो वाद न्यायासनापुढें गेला तो कोफा येथील पाण्यावरून. 'किंग ऑफ अ‍ॅरिझोना' नांवाच्या सोन्याच्या खाणीचा आद्याक्षरी शिक्का तिच्या सामानावर असे, त्यावरून डोंगरासच कोफा नांव पडलें. रानमेंढरें नाहींशीं होत चाललीं हें पाहून मेजर फ्रेडरिक बर्नहॅम यांच्या प्रेरणेनें १९३६ सालीं अ‍ॅरिझोनाच्या बालवीरांनीं चळवळ उभारली. शाळाशाळांतून रानमेंढ्याचीं चित्रें काढण्याच्या स्पर्धा लागल्या. आणि २५ जानेवारी १९३९ रोजीं कोफा व काबेसा प्रिएटा हीं दोन राखीव क्षेत्रें जाहीर झालीं. मुलांच्या रंगपेट्यांनीं एवढें कार्य क्वचितच केलें असेल.

१९९० सालीं कोफाच्या सुमारें ६ लाख ६५ हजार एकरांपैकीं ५ लाखांहून अधिक एकर भूमि, मनुष्यानें हात लावूं नये अशा अरण्यांत समाविष्ट झाली. १९६४ च्या मूळ कायद्याप्रमाणें अशा भूमींत बांधकाम करतां येत नाहीं. अपवाद फक्त अत्यावश्यक गरजेपुरता. पुढें २००० सालीं ८१२ असलेलीं मेंढरें २००६ च्या गणतींत ३९० भरलीं. निम्म्याहून अधिक गेलीं! अधिकार्‍यांनीं २००७ सालीं त्या अरण्यांत याकी व मॅक्फर्सन या नांवांचीं दोन टाकीं जमिनींत बसविलीं, आणि अरण्याचें अस्पर्शित स्वरूप जपूं इच्छिणार्‍या संस्थांनीं दावा लावला. दोन्हीं पक्ष निसर्गाचेच कैवारी. एकास मेंढरूं वांचवावयाचें, दुसर्‍यास ज्या मोकळ्या रानासाठीं मेंढरूं वांचवावयाचें तें रान. २००८ सालीं खालच्या न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूनें लागला. डिसेंबर २०१० मध्यें अपील न्यायालयानें दोन विरुद्ध एक मतानें तो फिरविला. मेंढरांचें रक्षण हा हेतु न्यायालयानें मान्य केला. पण शिकार थांबविणें, मेंढरें पकडून अन्यत्र नेणें बंद करणें, प्यूमासारख्या श्वापदांचा बंदोबस्त, किंवा माणसांच्या पायवाटा मिटविणें, यांपैकीं एखाद्या उपायानें भागलें नसतें काय, याचा विचार कागदावर कोठें केलेला दिसत नाहीं, असें त्यानें म्हटलें. ज्या न्यायाधीशाचें मत भिन्न पडलें, त्याच्या मतें तज्ज्ञ खात्याच्या निर्णयाचा मान राखावयास हवा होता. प्रकरण पुढील इलाजासाठीं खालच्या न्यायालयाकडे परत गेलें. अशा अरण्यांतील टाक्याच्या बाबतींत आणखी एक अडचण कायमची असते: तें आटलें आणि टँकर न्यावयाचा ठरला, तर मोटारीस मनाई करणारें कलमही त्याच कायद्यांत आहे.