सुकाणूं तापतें तेव्हां

कृष्णेच्या कांठीं पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. पंप चालू आहे, पण पुढच्या नळाची झडप बंद राहिली आहे, अशी चूक झाली कीं थोड्याच वेळांत पंपाचें अंग हाताला चटका देऊं लागतें. पाणी जागच्या जागीं घुसळलें जातें, विजेची सारी शक्ति त्या घुसळण्यांत खर्च होते आणि उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि पुढें तेथील पंप महाराष्ट्रभर गेले. त्यामुळें सांगलीकडच्या मळ्यांतून पंपाचे गुणदोष घरच्या माणसासारखे ओळखीचे आहेत. शर्यतीच्या मार्गावर धांवणाऱ्या मोटारीचें सुकाणूं कां तापतें, हा प्रश्न दिसावयास दूरचा; पण त्याचें उत्तर या मळ्यांतल्या पंपापाशींच सांपडतें.

मोटारीचें चाक वळवावयास पूर्वी चालकाच्या दंडांत बळ असावें लागे. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनियरानें १९२६ सालीं तेलाच्या दाबाची मदत घेणारी योजना एका पिअर्स-ॲरो गाडीवर बसवून दाखविली. तरी बाजारांतल्या प्रवासी गाडीपर्यंत ती पोंचावयास १९५१ साल उजाडलें. त्या वर्षीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या इंपीरियल गाडींत ती दिली. आपल्याकडील घरगुती गाड्यांत ती सर्रास आली ती १९९० नंतरच.

रचना साधी आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर एक लहान पंप फिरतो व टाकींतलें तेल दाबानें पुढें ढकलतो. चालकानें चाक वळवितांच एक फिरती झडप त्या तेलाला दट्ट्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगास वाट करून देते आणि दट्ट्या वळविण्यास हातभार लावतो. काम संपलेलें तेल परतीच्या नळीनें टाकींत येतें. सारें मिळून तेल असतें लिटरभर, फार तर थोडें अधिक.

मेख अशी कीं, हा पंप इंजिनाशीं जखडलेला आहे. मदतीची खरी निकड असते ती गाडी जवळजवळ उभी असतांना. गणपति पेठेच्या गर्दींत गाडी मागें-पुढें करून जागेवर लावतांना. त्या वेळीं इंजिन मिनिटाला सात-आठशें फेरे घेत असतें, म्हणून पंप तेवढ्या मंद गतीलाहि पुरेल असाच केलेला असतो. शर्यतीच्या मार्गावर तेंच इंजिन सहा हजार फेऱ्यांवर गेलें म्हणजे पंपहि आठपट वेगानें फिरतो. नको असलेलें तेल तो आपल्या पोटांतल्या पोटांत वळवून परत घेतो. म्हणजे झडप बंद राहिलेल्या पंपाचीच ती धाकटी आवृत्ति. इंजिनाचा वेग उतरत नाहीं, वळणांमागून वळणें येतात, आणि तेलाला थंड व्हावयास उसंत अशी मिळतच नाहीं.

किती तापेल, याचा हिशेब शाळेच्या पाटीवर मावेल एवढा आहे. घुसळण्याच्या श्रमांतून ठराविक प्रमाणांत उष्णता निघते, हें जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४० नंतरच्या दशकांत पाण्यांत पंखे फिरवून दाखविलें. चाक पूर्ण वळवून दाबून धरलें कीं तेलाचा दाब वातावरणाच्या सुमारें शंभरपट होऊं शकतो. त्या दाबाखालचें तेल मिनिटाला आठ लिटर या प्रमाणांत झडपेंतून सुटत असेल, तर तेराशें वॅटइतकी उष्णता निर्माण होते. कपड्यांची विजेची इस्त्री साधारण एवढ्याच आसपास घेते. ही सर्व उष्णता लिटरभर तेलांतच राहिली, तर तें सेकंदाला जवळजवळ पाऊण अंशानें चढेल. कांहीं भाग सभोंवतालचें लोखंड शोषून घेतें, हें खरें. पण लोखंडहि अखेर तापून बसतेंच.

कोल्हापूरजवळ मोहिते यांच्या कार्टिंगच्या मार्गावर लहान गाड्या धांवतात, त्यांना ही चिंता नाहीं. कार्टला असली तेलाची मदत नसतेच. मुलांच्या मनगटांवर सारें चालतें. प्रश्न उभा राहतो तो पुढें, गोडी लागलेला तरुण घरची जुनी गाडी घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या सुमारें ३.७ किलोमीटरांच्या मार्गावर उतरतो तेव्हां. पहिल्या दोन-चार फेऱ्या सुखाच्या जातात. मग पंप कण्हूं लागतो. तेल फेंसाळल्याची ती खूण. फेंस म्हणजे हवा, आणि हवा दाबली जाते. त्यामुळें ऐन वळणांत मदत तुटते आणि हातांतलें चाक एकाएकीं जड होतें. त्या क्षणीं गाडी शंभराच्या वेगांत असते. फुगलेलें तेल टाकीच्या झांकणांतून उतूं जाऊन तापलेल्या धुराच्या नळीवर पडलें, तर आगीचेंहि भय. तरुणाच्या आईबापांनीं ज्याची काळजी करावी असें कांहीं असेल तर तें हें. नुसत्या वेगाची भीति सांगून तरुण ऐकत नसतात.

तेल १२० अंश सेल्सिअस ओलांडूं लागलें कीं त्याचें आयुष्य भराभर घटतें, रबरी सील कडक होतात आणि गळती सुरू होते. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलींतल्या रसाचा रंग पाहूनच आंच ओळखतो. येथेंहि रंगच साक्ष देतो: काळवंडलेलें, करपट वासाचें तेल पुन्हा वापरावयाचें नसतें. तें सारें काढून, गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच नवें भरावें. दोन जातींची सरमिसळ करणें हा आपल्याकडचा आवडता काटकसरीपणा; तो येथें महाग पडतो.

खरा उपाय म्हणजे परतीच्या नळींत एक लहानसा रेडिएटर बसविणें. परतीच्याच नळींत, कारण तेथें दाब अगदीं कमी असतो. दाबाच्या नळींत असा नाजूक भाग टिकणार नाहीं. कित्येक गाड्यांत कारखानाच परतीची नळी समोरून एक वळसा देऊन आणतो, तोहि थंडाव्यासाठींच. नवा रेडिएटर वाऱ्याच्या वाटेंत हवा, पण इंजिनाच्या मोठ्या रेडिएटरच्या मागें, त्याच्या गरम श्वासांत नको. जोडावयाची रबरी नळी गरम तेलाला टिकणारी असावी. पाण्याची नळी लावणारे कारागीर आहेत; ती महिन्या-दोन महिन्यांत फुगते. टाकी काठोकाठ भरूं नये, तेलाला फुगावयास जागा ठेवावी. पंपाची कप्पी मोठी करून त्याचा वेग उतरविण्याची युक्ति शर्यतवाले करतात. ती गुणकारी आहे. पण त्याच गाडींतून सोमवारीं बाजारांत जावयाचें असेल तर चाक जड लागेल, आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांचे बोल ऐकावे लागतील. मदत मुळींच काढून टाकणें हा तर उपायच नव्हे.

बिनखर्चाची एक संवयहि आहे. चाक अगदीं टोंकाला लागलें कीं किंचित् मागें सोडावें. दाब तत्काळ उतरतो. शेवटची फेरी सावकाश घ्यावी आणि गाडी लावतांना चाक टोंकाला दाबून ठेवूं नये.

अलीकडे पुष्कळ गाड्यांत तेलाऐवजीं विजेची मोटर ही मदत करते. तेथें गळती नाहीं, तरी मोटरहि तापते, आणि फार तापली कीं स्वतःला जपण्यासाठीं मदत आंखडती घेते. तेलाचें राज्य मात्र संपलेलें नाहीं. सांगलीच्या शिवारांत दिवाळीनंतर ऊसतोडणीचीं मोठीं यंत्रें उतरतात, त्यांचें जवळजवळ सारें काम तेलाच्या दाबावर चालतें. म्हणून त्यांना तेल निववणारा मोठा रेडिएटर आणि पंखा असतो. पाचट आणि धूळ त्याच्या जाळींत अडकली कीं यंत्र तापतें. म्हणून जाणता चालक दिवसांतून अनेकदां यंत्र थांबवून ती जाळी झाडून घेतो.