हातांनाही विद्या हवी
(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना विनम्र अभिवादन करून आम्ही आपणापुढे एकच विषय मांडणार आहोत. आज मोबाईलवर घरबसल्या हाताचे काम शिकता येते. ते का शिकावे आणि कसे शिकावे?

काही पालक म्हणतील, आमच्या मुलांनी डॉक्टर, वकील, अधिकारी व्हावे. त्यांच्या हाती पुन्हा हत्यारे कशाला? ही शंका रास्त आहे. जातीने लादलेली कामे आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. परंतु जेथे कौशल्य होते आणि पगारही बरा होता, तेथे त्यांना मज्जाव होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून विटाळाच्या सबबीखाली विणकाम खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला. १९४२ साली सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची मागणी केली. बाबासाहेबांनी वडिलोपार्जित काम मागितले नाही, यंत्राची विद्या मागितली. हा फरक आपण विसरता कामा नये.

पूर्वी ही विद्या कारखान्याच्या भिंतीआड असे. आज तिचा मोठा भाग खुला झाला आहे. केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महानिदेशालयाचे 'भारत स्किल्स' हे संकेतस्थळ आयटीआयच्या ट्रेडचे अभ्यासक्रम, प्रश्नसंच व चित्रफिती विनामूल्य देते. मुंबई आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प संगणकाचे काम छोट्या पाठांतून शिकवितो व त्यातील अनेक पाठ मराठीत आहेत. २०१८ साली पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनविण्याच्या शेकडो चित्रफिती सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. यांपैकी कोणताही पाठ सुरू होण्यापूर्वी आडनाव विचारीत नाही.

परंतु पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून घ्या. मोबाईलवरील शिक्षकालाही हीच कसोटी लावावी.

समजा, घरातील छताचा पंखा सावकाश फिरू लागला. चित्रफीत सांगते, कंडेन्सर बदला. तो का बदलायचा, हे ती सांगते काय? कंडेन्सर कमजोर झाला तर मोटारीला जोर कमी मिळतो. परंतु जळका वास येत असेल तर दोष वाइंडिंगमध्ये असू शकतो, खरखर होत असेल तर बेअरिंगमध्ये. जुन्या कंडेन्सरवर २.५ मायक्रोफॅरड लिहिले असेल, तर नवाही तेवढ्याचाच हवा. जी चित्रफीत आधी मेन स्विच बंद करावयास आणि टेस्टरने तपासावयास सांगत नाही, तिच्यावर विसंबू नये. एकाच कामाच्या दोन-तीन चित्रफिती पाहाव्यात, त्या कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत हे वहीत लिहावे आणि पहिल्या वेळी जाणता माणूस शेजारी ठेवावा. घराच्या वायरिंगचे काम मात्र परवानाधारकाचेच.

आणखी एक सत्य सांगितले पाहिजे. मोबाईलवर शिकून घरचा पंखा दुरुस्त होईल, पण नोकरीच्या ठिकाणी प्रमाणपत्र मागितले जाते. म्हणून ज्याला या कामाची गोडी लागेल त्याने आयटीआयची वाट धरावी. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. मोबाईल हा त्या दाराचा उंबरठा आहे, घर नव्हे.

शेवटी मंडळाला आमची एक विनंती आहे. दर रविवारी वंदनेनंतर एक तास विहारात हत्यारांची एक पेटी ठेवावी. वस्तीतील निवृत्त फिटर, वायरमन, शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी यांनी शेजारी बसावे. मुलामुलींनी पाठ पाहावा, काम करावे, चुकावे आणि पुन्हा करावे. जो शिकेल त्याने पुढच्या रविवारी दुसऱ्याला शिकवावे. ज्या कारखान्याच्या दारातून आपले आजोबा परत फिरले, ते दार आपल्या मुलांनी स्वतःच्या हाताने उघडावे, एवढीच मंगल कामना व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!