टाळ थांबल्यावर



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आले तेव्हा मला वाटले, कामगार कायद्यावर बोलावयाचे असेल. पत्र उघडले तर विषय ‘योग, नामस्मरण आणि नित्याचे जीवन’. मी चालकांना विचारले, ‘पत्ता चुकला नाही ना?’ ते म्हणाले, ‘योगावर बोलणारे पुष्कळ मिळतात. ज्याचा दिवस माणसांशी भांडण्यात जातो, त्याला यातले काय उपयोगी पडले ते आम्हांला ऐकावयाचे आहे.’ म्हणून उभा आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचे. संस्कृत मला येत नाही. पतंजलीची योगसूत्रे मी मराठी टीकांचे बोट धरून, काम आटोपल्यावर ग्रंथालयात बसून वाचली. कोठे चुकलो तर जाणत्यांनी सुधारून घ्यावे.

योग म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे आसने येतात. 2015 सालापासून 21 जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो आणि मैदानामैदानांवर सतरंज्या पसरतात. त्यात वावगे काही नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजून पाहिले; ते मोठेच काम झाले. परंतु मूळ ग्रंथ उघडला की माझ्यासारखा माणूस थबकतो. सुमारे दोनशे सूत्रांत आसनाची म्हणून सूत्रे अवघी तीन! आणि आठ अंगांतले पहिले अंग आसन नव्हेच; पहिले अंग यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. ही नावे नीट पाहा. निर्जन बेटावर एकट्या पडलेल्या माणसाला यांतले फारसे काही पाळता येणार नाही, कारण फसवायला आणि लुबाडायला तेथे दुसरा कोणी नाहीच. म्हणजे योगाची पहिली पायरी शेजाऱ्याच्या दारातून जाते. तेथे पाय न ठेवता वरच्या पायऱ्यांवर उडी मारू पाहणारे आपणच.

आता नामस्मरणाकडे वळतो. मी लालबागच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते. शनिवारी रात्री आमच्या मजल्यावर भजन असे. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा माणसे, उरलेली गॅलरीत. कोणी पहिल्या पाळीवरून आलेला, कोणी दुसरी पाळी संपवून मध्यरात्री थेट येऊन बसणारा. पहिला अभंग चाचपडतच जाई. कोणाचा टाळ पुढे, कोणाचा मागे. तिसऱ्या-चौथ्या अभंगाला सगळे एका लयीत येत. लहानपणी मला ती जादू वाटे. पुढे कळले, तिचे वर्म श्वासात आहे. गाताना माणूस श्वास झटकन घेतो आणि सावकाश सोडतो. पंधरा माणसे एकच ओळ म्हणू लागली की पंधरांचा श्वास एका वेळी आत जातो आणि एका वेळी बाहेर येतो.

पतंजलीने हे ओळखले होते. चित्त विखुरले की त्याच्याबरोबर चार सोबती येतात, असे तो सांगतो: दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वास-प्रश्वासाचा बिघाड. त्यावरचा उपाय म्हणून तो जप सांगतो. पण नुसता जप सांगत नाही, जपाबरोबर त्याच्या अर्थाचे चिंतन सांगतो. 2001 साली इटलीतल्या काही वैद्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस माणसांना त्यांनी एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणावयास लावली आणि एकदा तिबेटी बौद्धांचा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येऊन स्थिरावली. देव निराळा, भाषा निराळी, श्वास एकच! मोर्चातली घोषणा हाही एक जपच आहे. घाबरत घाबरत आलेला माणूस दहा वेळा घोषणा दिल्यावर ताठ उभा राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

येथवर आलो म्हणजे बहुतेक व्याख्याने संपतात. सर्वांनी मिळून नाम घ्यावे आणि सर्व एक व्हावे, एवढे सांगून टाळ्या घ्याव्यात. पण मी कामगारांत वावरलेला माणूस आहे, आणि गिरणगावाचा इतिहास मला येथे थांबू देत नाही.

हातमागाचे सोडा, गिरणीतल्या मागाचा धोटा आपल्यापैकी कितीजणांनी पाहिला असेल कोण जाणे. धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी लागे, आणि तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या ओठाला लागलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या ओठाला लागणार. एवढ्या कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. आणि पगार तर त्याच खात्यात अधिक. 1928 साली गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, जे स्वतः परळच्या चाळीत राहत होते, हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाकडे न्याय मागणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या कामगारावरचा अन्याय आधी दूर करावा, हा त्यांचा रोखठोक मुद्दा होता.

बंधूंनो, विचार करा. ज्या ओठांनी रात्री संतांचे नाव घेतले, ते ओठ सकाळी धोट्याशी येऊन अडले. नाम घेतले होते, चालही चुकली नव्हती. अर्थाचे चिंतन तेवढे राहून गेले. टाळ वाजत असताना एक होणे सोपे आहे. टाळ थांबल्यावर काय होते, तेथे परीक्षा आहे.

या परीक्षेसाठी पतंजलीने पहिल्याच पादात चार भावना सांगितल्या आहेत. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा. या चौघी वागवल्या की चित्त निवळते. याच चार भावना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणून मानल्या जातात. आपल्या शहरात हे सांगणारे एक थोर गृहस्थ होऊन गेले: धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळचे. विद्येसाठी घर सोडून वणवण हिंडलेले. त्यांनी 1937 साली परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार उभा केला. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादनही त्यांनी केले. त्या ग्रंथात एक फार मार्मिक विचार आहे. प्रत्येक भावनेला दोन शत्रू असतात, एक दूरचा आणि एक जवळचा. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र मित्राचे सोंग घेऊन येतो. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेपर्वाई. दोघींचा चेहरा सारखा. म्हणून फसगत होते.

या चौघींपैकी मैत्री सोपी असे आपल्याला वाटते. पण ती सुखी माणसाविषयी सांगितली आहे, हे विसरू नका. 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज लाखांवर आणि घरे काही हजार. ज्याचे नाव निघाले त्याला पेढा भरवणे आणि आपले नाव निघाले नाही म्हणून मन कडू न होऊ देणे, ही मैत्री. मुदितेचे म्हणाल तर आम्हा संघटनावाल्यांइतकी ती कोणालाच अवघड नाही. समोरच्या युनियनने चांगला करार केला की आमच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘पण’! मी स्वतः या परीक्षेत कितीदा नापास झालो याची मोजदाद नाही.

आता मी जे सांगणार आहे ते सांगण्यासाठीच खरे तर आज आलो.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा शाळेत होतो. वर्ष उलटले. घरातली भांडी गेली, आईचे डोरले गेले, कित्येक बिऱ्हाडे गावी गेली. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. पखवाज त्यांच्यासारखा वाजवणारा आसपासच्या चार चाळींत नव्हता. 1983 सालच्या एका सकाळी मामा कामावर गेले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट चाळभर झाली.

त्यांना कोणी मारले नाही, शिवी दिली नाही. मजला गप्प झाला, एवढेच. नळावर मामींची कळशी आली की बाकीच्या बायका मागे सरत. शनिवारी मामा नेहमीप्रमाणे पखवाज घेऊन दारात आले. बुवांनी पेटीचा भाता मिटला. माझे वडील मंडळातले वडीलधारे. ते म्हणाले, ‘आज भजन नाही.’ मामा क्षणभर उभे राहिले आणि परत गेले. त्यांच्या खोलीचे दार लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग बुवांनी पेटी उघडली आणि भजन झाले. पखवाजावाचून.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मामा बिऱ्हाड हलवून गावी गेले. ते गेल्यावर आईला मामींच्या बहिणीकडून कळले की त्यांच्या धाकट्या मुलीवर परळच्या इस्पितळात उपचार चालू होते. औषधाला पैसे नव्हते म्हणून मामा कामावर गेले होते. मुलगी वाचली की नाही, हे आम्हांला कधीच कळले नाही. वडील पुढे पुष्कळ वर्षे जगले. शेवटच्या आजारात एकदा एवढेच म्हणाले, ‘तो आत का गेला ते आपण सगळ्यांनी आपापसांत विचारलं. त्याला कोणी विचारलं नाही.’

मी योगसूत्रांतले ते सूत्र प्रथम वाचले तेव्हा मला हेच वाक्य आठवले. आमच्या चाळीला आपण उपेक्षा करीत आहोत असे वाटले होते. माणूस चुकला, त्याच्यावर राग नको, त्याच्याकडे पाहू नये. वरवर पाहता शास्त्राला धरूनच! पण मामा अपुण्यवानांत बसत नव्हते. ते दुःखितांत बसत होते. त्यांच्या वाट्याची करुणा आम्ही दिली नाही, आणि जी उपेक्षा म्हणून दिली ती बेपर्वाई निघाली. चार भावना पाठ करणे कठीण नाही. समोरचा माणूस चारांपैकी कोणत्या जागी उभा आहे हे ओळखणे कठीण, आणि ते विचारल्यावाचून ओळखता येत नाही.

यामुळे संप मोडणाऱ्याचे समर्थन होते काय? मुळीच नाही. मामांनी आत जाऊ नये, असेच मी आजही म्हणेन. पण माझा आता एक नेम आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी कंत्राटी सफाई कामगारांचे काम बंद होते. चौथ्या दिवशी तिघे आत गेले. पोरे चिडली. मी म्हटले, ‘रात्री आपण तिघांच्याही घरी जाऊ.’ पहिल्याच्या घरी भाडे थकले होते आणि घरमालक सामान बाहेर टाकण्याच्या बेतात होता. आम्ही वर्गणी केली. दुसऱ्याची बायको बाळंत व्हायची होती; त्याला वाटले होते, संघटनेला सांगितले तर हसतील. दोघेही सकाळी आमच्यात येऊन बसले. तिसरा कंत्राटदाराचा माणूस होता आणि तसे त्याने तोंडावर सांगितले. त्याची आम्ही उपेक्षा केली. खरी उपेक्षा, म्हणजे त्याच्यावर दात धरला नाही आणि आपली मागणीही सोडली नाही. मनात द्वेष पेटला की अर्ज लिहिताना हात कापतो, वाटाघाटीत जीभ घसरते. उपेक्षा हक्कावर पाणी सोडावयास सांगत नाही. हक्क मागणारा हात स्थिर ठेवावयास सांगते.

कोणी विचारील, मग भजनाचा, जपाचा उपयोग काय? उपयोग हा की तो माणसाला विचारण्याइतके शांत करतो. त्या शनिवारी जर बुवांनी आधी मामांना आत बसवून एक अभंग होऊ दिला असता, तर पंधरा माणसांच्या त्या एका श्वासात कदाचित कोणाला तरी सुचले असते की, ‘मामा, काय झालं?’ आम्ही क्रम उलटा केला. माणूस बाहेर काढला आणि मग देवाचे नाव घेतले.

आज गिरणगावात चिमण्या विझल्या आहेत आणि त्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. अनेक चाळी पडल्या, काही पडण्याच्या वाटेवर आहेत. भजन तेवढे चालू आहे. लोकल गाडीच्या डब्यातसुद्धा टाळ वाजतात. पण मनोऱ्यातल्या उद्वाहनात आपल्याबरोबर वर जाणाऱ्या पहारेकऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, आणि पाठीवर पेटी घेऊन जेवण आणून देणारा पोरगा स्वतः जेवला का, हे आपण विचारीत नाही. पूर्वी एकमेकांच्या ओठांचा विटाळ होता. आता एकमेकांची ओळखच नाही.

माझे मागणे लहान आहे. आपल्यापैकी कोणी जप करीत असेल, कोणी ओंकार म्हणत असेल, कोणी चैत्यभूमीवर जाऊन वंदना म्हणत असेल. ते जरूर करावे. ते संपल्यावर उठण्यापूर्वी एका माणसाचे नाव मनात आणावे, ज्याच्याशी आपण बोलणे टाकले आहे. आणि स्वतःला विचारावे, हा सुखी आहे, दुःखी आहे, की आणखी कोणी? उत्तर मिळणार नाही. मग उठावे आणि त्याच्या दारात जाऊन त्यालाच विचारावे.

आमच्या वडिलांना ते जमले नाही. मला कधी जमते, कधी नाही. आपल्याला जमो, एवढी इच्छा व्यक्त करतो.